पोट्टा कसा आहे?

आतड्याचं ऑपरेशन होऊन बरोबर तिसाव्या दिवशी देवाजींचा फोन वाजला. महिनाभरात तो पहिल्यांदाच वाजत होता, म्हणून त्यांनी आधी चष्मा लावला, मग उचलला.

हैदराबादच्या दवाखान्यातली नर्स बोलत होती. देशभरात पोटाच्या ऑपरेशननंतर रोग्यांचं पुढे काय होतं, याची म्हणे नोंद चालली होती. ती तेलुगूत बोलली असती तर देवाजींना सगळं नीट समजलं असतं. पण तेलंगणाच्या सीमेवरच्या, मराठी बोलणाऱ्या जैनथचा रोगी म्हणून ती हौसेने मराठीत बोलली आणि तिथेच घोळ झाला.

"बाबा, पोट्टा कसा आहे?"

देवाजी खाटेवर सरसावून बसले. बायको सखूबाई गेल्यापासून त्यांच्या पोट्ट्याची, म्हणजे पोराची, चौकशी कोणी केली नव्हती. दवाखान्यातून आणून सोडल्यावर त्या पोराने, संघपालनेही, पुन्हा फोन केला नव्हता.

"काय सांगू माय, त्रासच हाये. आपरेशन झाल्यापासून तं जास्तच."

"मऊ आहे की कडक?"

"लहानपणी लई मऊ होता. आता कडक झाला."

"फुगलाय?"

"हैदराबादेत नोकरी लागली तवापासूनच फुगला."

"हात लावला तर?"

"हात लावू देत नाई. आंगावर येते."

देवाजींनी तहसील कचेरीत तीस वर्षं कारकुनी केली होती. विचारलं की रकाना रिकामा ठेवायचा नाही, ही त्यांची सवय. नर्स मात्र घाबरली. तिने अँब्युलन्स पाठवली आणि नातेवाइकाच्या नंबरवर कळवलं.

अँब्युलन्स आली तेव्हा देवाजी पिठलं-भाकर खात होते. तिच्यातल्या माणसांनी पोट दाबून पाहिलं, चहा घेतला आणि ती निघून गेली. दिवस मावळायला संघपाल धापा टाकत दारात उभा राहिला.

"बाबा, तुमी काय सांगतलं त्या नर्सले?"

"जे खरं ते."

संघपालने मोबाइल काढून दवाखान्याचा निरोप वाचला. "कडक. फुगलेला. हात लावू देत नाही." मग तो हसत सुटला. "अवो बाबा, तेलुगूत पोट्टा म्हणजे पोट!"

देवाजींनी कपाळावर हात मारला. संघपाल पुढची ओळ वाचायला गेला. "लहानपणी मऊ होता..." त्याचं हसणं थांबलं. त्याने मोबाइल खिशात टाकला आणि भाकरीचं ताट पुढे ओढलं.

तीन दिवस राहून तो गेला. पोहोचल्याचा फोन आला नाही.

पुढच्या महिन्यात नर्सने पुन्हा फोन केला. या वेळी ती एकेक शब्द जपून बोलत होती. "बाबा, मी नीट मराठी शिकले. पोट कसं आहे, पोट?"

"पोट बेस हाये."

"बरं, ठेवते."

देवाजींनी समोरच्या रिकाम्या खाटेकडे पाहिलं.

"मॅडम, थांबा ना जरा," ते म्हणाले. "या खेपेला पोट्टा काऊन नाई इचारला?"