उत्तरयंत्रास 'ठाऊक नाही' म्हणावयास शिकविले त्याची हकीकत

श्रीविद्यादेवी प्रसन्न असो, खडू-फळ्यास दंडवत, आणि श्रोते सावध असोत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी एका शाळाराज्यी ऐसे वर्तमान जाहाले जे, तेथील अधिपती हेडमास्तर भास्करराव यांणी आठवीस गणित पढविणाऱ्या द्वारकाबाई फणसे यांसी आज्ञा केली की, "बाई, आमच्या मुलांसाठी घरचा चॅटबॉट तयार करणे. मूल विचारील ते त्याने सांगावे." बाईंची चाकरी बावीस वर्षांची, दरारा मोठा; आणि "समजले का?" पुसता चाळीस मुखांतून "हो बाई" येत असे, मग समजो वा न समजो. मग बाईंनी आपल्या साऱ्या वह्या यंत्रास पढविल्या आणि निक्षून ताकीद दिली जे, वहीत असेल तितुकेच सांगणे, पदरचे घालू नये, आणि नसेल तेथे 'मजला ठाऊक नाही, बाईंस पुसावे' ऐसे सरळ बोलावे. आणि पोरे बहुत खुश जाहाली, कारण यंत्र डोळे वटारीत नाही. जी वर्गात मूग गिळून बसत ती मोबाइलावर एकच गोष्ट सात सात वेळा पुसू लागली.

त्यांत मैना घोलप म्हणून एक मुलगी, जिणे पाचवीपासून वर्गात शब्द काढिला नव्हता. तिने यंत्रास पुसिले जे, उण्याला उण्याने गुणिले तर अधिक कां होते? यंत्र बोलिले, "बाईंच्या वहीत 'नियम आहे' इतुकेच लिहिले आहे. कां, ते मजला ठाऊक नाही. बाईंस पुसावे." आता यंत्राची आज्ञा मोडावी कैसी? दुसरे दिवशी हेडमास्तर खासे तपासणीस येऊन मागील बाकावर बसले असता मैना उभी राहिली, आणि तोच प्रश्न बाईंस पुसती जाहाली, आणि तिणे यंत्राचे उत्तरही वाचून दाखविले. भास्कररावांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "बाई, यंत्रास ठाऊक नाही म्हणावयास शिकविले कोणी? शाळेची शोभा होते. झाकली मूठ सव्वा लाखाची. ते वाक्य आजच काढा, काहीतरी उत्तर भरा. नाही तर गणिताचा वर्ग दुसऱ्याकडे देतो."

वर्ग गेला तर बाईंपाशी उरते काय? 'नियम आहे' म्हणून पोरीस खाली बसविता आले असते, बावीस वर्षे तैसेच केले होते. परंतु पोर पहिल्यांदा उभी राहिली होती हो, तिला कोणत्या तोंडाने बसवावे? मग बाई बोलिल्या, "साहेब, मी शिकविले. आणि कां, ते मलाही ठाऊक नाही. मैना, फळ्यापाशी ये, मिळून पाहू." आणि उणे दोनाचा पाढा उलटा मांडिला: तीन वेळा उणे सहा, दोन वेळा उणे चार, एकदा उणे दोन, शून्य वेळा शून्य. मग बाईंचा खडू थांबला, कारण त्यापुढे त्या कधी गेल्याच नव्हत्या. मैना हळूच म्हणाली, "बाई, दरखेपेस दोनाने वाढतेच आहे. मग उणे एक वेळा म्हणजे दोन. अधिक दोन." आणि मागील बाकावर भास्करराव बोटांवर मोजते जाहाले, आणि म्हणाले, "हे आम्हांसही कोणी सांगितले नव्हते." मग वर्ग बाईंकडेच राहिला, आणि यंत्राचे वाक्यही राहिले.

एकंदर हकीकत इतुकीच. त्यानंतर बाईंनी सवयीने "समजले का?" पुसिले, आणि चाळिसांपैकी एकवीस जण म्हणाले, "नाही बाई." बाईंस बहुत संतोष जाहाला, आणि त्यांणी फळा पुसून पहिल्यापासून आरंभ केला.