पायांचा केसपेपर

माझ्या पोटावर शस्त्रक्रिया करायला कोणाचाच विरोध नव्हता. विरोध होता तो माझ्या पायांना.

झालं होतं एवढंच, की ठकीच्या जन्मानंतर माझ्या बेंबीशेजारी पोटाच्या भिंतीला भोक पडलं. त्याला हर्निया म्हणतात. खोकला आला की तिथून लिंबाएवढा गोळा बाहेर डोकावतो आणि परिस्थितीची पाहणी करून आत जातो. सर्जन म्हणाले, "शिवून टाकू. तोवर पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही." ठकी साडेबारा किलोंची. म्हणजे माझी लेक सरळसरळ नियमबाह्य ठरली. ती दिवसातून वीसदा समोर येऊन दोन्ही हात वर करते आणि मी तिच्यासाठी फरशीवर बसते. आई ही जमिनीवर सापडणारी वस्तू आहे, असं तिचं आता पक्कं मत झालं आहे.

शस्त्रक्रियेआधी वजनाच्या खिडकीवर जावं लागतं. तिथल्या कारकुनांनी भिंतीवरचं कोष्टक पाहिलं, मला पाहिलं, पुन्हा कोष्टक पाहिलं. "बारा किलो जास्त. कमी करून या."

मी सांगितलं, मला लिपेडेमा आहे. वयात आल्यापासून पायांवर चरबी साठते, दुखते, टेबलाचा कोपरा लागला तरी काळंनिळं होतं, आणि कितीही उपाशी राहिलं तरी ती हटत नाही. आजारच आहे तो.

"असेल, असेल," कारकून समजुतीने म्हणाले. "पण आधी खाणं कमी करून बघा."

बघितलं. सहा महिने उकडलेलं, मोजलेलं आणि नावडतं खाल्लं. नऊ किलो गेले. गाल गेले, गळा गेला, बोटातली सैल झालेली अंगठी भांडी घासताना मोरीत गेली. पाय मात्र तसूभर हलले नाहीत. वरून मी उपोषणाला बसलेल्या बाईसारखी दिसू लागले आणि खालून तिला पाठिंबा द्यायला जमलेल्या गर्दीसारखी.

"शाब्बास!" कारकून म्हणाले. "तीनच राहिले."

"ते तीन पायांत आहेत."

"मग पायांतून कमी करा."

"पायांतून होत नाहीत, हाच तर आजार आहे."

"ताई, सगळे असंच म्हणतात."

घरी सासूबाई म्हणाल्या, "सकाळी कोमट पाणी पीत जा, बाई." नवरा म्हणाला, "भोक पोटाला आहे ना? मग पाय सोडून वजन करा म्हणावं!" तो हसला. मी इतकी वैतागले होते, की तसा अर्जच लिहिला. कार्यालयाला विनोद कळत नसल्यामुळे अर्ज मंजूर झाला.

"अर्जदाराचा कमरेवरील भाग शस्त्रक्रियेस पात्र व कमरेखालील भाग अपात्र ठरविण्यात येत आहे. दोहोंचे केसपेपर स्वतंत्र काढावेत." वरच्या मला शस्त्रक्रियेची तारीख मिळाली. खालच्या मला त्याच दिवशी, त्याच वेळी, पलीकडच्या इमारतीत पाय विभागात बोलावलं होतं. मी दोघींना घेऊन शस्त्रक्रियेला गेले. पाय गैरहजर राहिल्याबद्दल त्यांना नंतर ताकीद आली.

वॉर्डातल्या सिस्टरनी दोन्ही केसपेपर हातात घेतले. "एका खाटेवर दोन पेशंट नाही चालत हं."

"अहो, मी एकटीच आहे."

"कागद दोन आहेत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाई मनाने चांगल्या होत्या. "असं करते, खालच्यांना सोबतचे नातेवाईक म्हणून दाखवते. राहू देत इथेच."

मी आभार मानले. मग त्यांनी पेशंटसोबत एकाच नातेवाइकाला थांबता येतं असं सांगून नवऱ्याला बाहेर काढलं. तो ठकीला खांद्यावर घेऊन काचेच्या दाराबाहेर उभा राहिला. ठकीने काचेला नाक चिकटवलं.

मला ढकलत ऑपरेशन थिएटरपर्यंत नेलं. दारावर पाटी होती. दारावरच्या माणसाने ती मला वाचूनही दाखवली, "नातेवाइकांना प्रवेश नाही."

सर्जन हातमोजे घालून बाहेर आले. "अहो, पाय आत आल्याशिवाय पोट कसं येईल?"

"ते तुम्ही वर विचारा, डॉक्टर. माझी नोकरी जाईल."

वर विचारायला गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत आला नाही. वरची मी रडत होते. खालच्या मीने, नातेवाईक या नात्याने, तिला घरी आणलं.

पुढे या प्रकरणावर समिती नेमली गेली आणि समितीला तोडगा सापडला. पायांवरची चरबी खाण्याने आलेली नाही, असं दोन त्रयस्थ व्यक्तींनी सही करून सांगितलं, तर दोन्ही केसपेपर एक होतील आणि शस्त्रक्रिया लगेच होईल. अट एकच. सही करणाऱ्याने मला कधीही कमी खाण्याचा किंवा जास्त चालण्याचा सल्ला दिलेला नसावा, आणि तो मनातही आणलेला नसावा.

"मनातलं कसं तपासणार?" मी विचारलं.

"चेहरा बघून," कारकून म्हणाले. "बावीस वर्षं खिडकीत बसलोय, ताई."

सर्जन बाद झाले, पहिल्याच भेटीत त्यांनी "गोड किती खाता?" असं विचारलं होतं. शेजारीण आली, पेन हातात घेतलं आणि म्हणाली, "करते गं सही, पण तू लिफ्ट कशाला वापरतेस?" कारकुनांनी पेन परत घेतलं. कॉलेजातली मैत्रीण आली. नुसतं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. तीही बाद.

शेवटी माझे कपडे शिवणाऱ्या बाई आल्या. "पंधराव्या वर्षापासून मापं घेतेय हिची," त्या म्हणाल्या. "कंबर कमीजास्त झाली. पाय नुसते वाढत गेले. टेप लावला तरी कळवळते पोरगी. कुठे करायची सही?" कारकुनांनी त्यांचा चेहरा दोन मिनिटं न्याहाळला आणि निमूट रेघ दाखवली.

एक सही झाली. त्यालाही आता चार महिने होतील. लिंबाचं संत्रं झालं आहे. गोळा एकदा बाहेर येऊन अडकला, तर धावाधाव करावी लागेल, असं सर्जन सांगतात. तेव्हा पायांचं काय करायचं, ते समिती ठरवणार आहे.

दुसरी रेघ रिकामी आहे. तुम्ही माझे कोणी लागत नाही, आपली ओळखही नाही, आणि हकिकत तर सगळी वाचलीत. नियमाने बघितलं तर तुमच्याइतकं योग्य माणूस सापडणार नाही. या, घ्या पेन. फक्त खिडकीत जरा सरळ बघा. कारकून एवढंच विचारतील, की हे सगळं वाचताना, कुठेतरी, अगदी काळजीपोटी, "पण बाईने थोडं चालायला तरी..." असं काही मनात नाही ना आलं?

असू दे. ठेवा पेन. तुमच्या आधीचेही सगळे माझ्या भल्याचंच सांगत होते.