आप्पांचा कोरडा पंचा

आमचे मुकादम बोरसे आप्पा कारखान्याच्या दारात माणसाचं तोंड बघत नसत, हात बघत. खांद्यावर कोरडा पंचा, पायाशी जमिनीवर पिवळी रेघ. रेघेपाशी थांबायचं आणि हात पुढे करायचे. "हात दखाड," म्हणजे दाखव, एवढंच ते म्हणत आणि तळवे, बेचक्या, घड्याळाच्या पट्ट्याखालचं मनगट, सगळं पुसून काढत. खुद्द मालक एकदा गुजरातीत वैतागले, "आप्पा, हुं शेठ छुं!" आप्पा पुसतच म्हणाले, "शेठले घाम येत नही का?"

कडोदऱ्याच्या त्या कारखान्यात साड्यांना मऊपणा देणारं सिलिकॉन बनायचं. ते ज्याच्यापासून बनायचं ते क्लोरोसिलेन पिंपातून येई आणि पाण्याचा थेंब लागला की आम्लाचा धूर सोडी. आप्पा त्याला 'बाई' म्हणत. "बाई पानी दखं का भडकस." गंमत म्हणजे शेवटी तिची गाठ पाण्याशीच घालायची असे, पण थंड टाकीत, थेंबाथेंबानं, आप्पा म्हणतील तेव्हा.

शेडमध्ये शिंकायचीही चोरी होती. एका कामगाराला गावाकडून वाईट बातमी आली, तो रडू लागला, तर आप्पांनी त्याला दंडाला धरून दाराशी नेलं. "आठे नही," म्हणजे इथं नाही, "रडनं व्हई ते रेघना बाहेर." स्वतः डिंडोलीत एकटेच राहत. बायको वारली तेव्हा तेरावा उरकून आले ते पंचा खांद्यावर टाकूनच. त्यांना रडताना कुणी पाहिलं नव्हतं. मला तर तो माणूसच कोरडा वाटे.

मी नांदेडचा, नवा केमिस्ट, एम.एस्सी.चा ताठा पुरेसा. आप्पांची दसऱ्याची यंत्रपूजासुद्धा कोरडी, नारळाऐवजी खोबऱ्याची वाटी आणि उन्हात वाळवलेला झेंडू. मला ते पटेना. अवजार धुऊन पुजावं, असं आईनं शिकवलेलं. म्हणून दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी मी पिंपातून रसायन ओढायचा लांब होज बाहेरच्या नळावर गुपचूप धुतला, पुसला आणि सकाळी हळदकुंकू लावून जागेवर टांगला. पुसला तो फक्त वरून. एवढं शिकलो, पण अक्कल गहाण ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मी तोच होज भरलेल्या पिंपाला जोडला आणि व्हॉल्व्ह उघडला. होज थरथरला. जोडातून पांढरा धूर आला, माझा घसा जळाला आणि पुढचं कळायच्या आत आप्पांनी मला मानगुटीला धरून रेघेपलीकडे ढकललं. धूर पाहून वॉचमन पाण्याचा पाइप ओढत धावत आला.

"पानी नको! पानी नको रे!"

आप्पांनी मास्क चढवला आणि ते आत गेले. दाब उलटा पिंपात शिरला तर पिंप फुटणार होतं. त्याच्याशेजारी आप्पा होते, आणि ते माझ्यामुळे. धुरात काही दिसेना. व्हॉल्व्हचं चाक किरकिरलं, थांबलं, परत किरकिरलं. मग पिंपाचा पत्रा टणकन वाजला. वॉचमन देवाचं नाव घेऊ लागला, मला तेही सुचेना. बऱ्याच वेळानं आम्ल मारणाऱ्या चुन्याच्या टाकीत वायू बुडबुडल्याचा आवाज आला. आप्पांनी दाब तिकडे सोडला होता.

धूर विरल्यावर मास्क काढत ते रेघ ओलांडून आले. मी होज धुतल्याचं सांगून टाकलं आणि थोबाडीत बसायची वाट पाहत उभा राहिलो.

"हात दखाड," ते म्हणाले.

मी हात पुढे केले. त्यांनी ते उलटे केले, सुलटे केले, एकेक बोट चाचपलं.

"काही व्हयनं नही ना तुले?"

मी मान हलवली. माझ्या तळव्यावर एक थेंब पडला, मग दुसरा. मी घाबरून वर पाहिलं.

"आप्पा, पाणी..."

"रेघना बाहेर शे मी," आप्पा म्हणाले. "आठे चालस."

मग त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, आणि स्वतःचे डोळे तसेच वाहते ठेवून माझे हात कोरडे करू लागले.