अकरा सेकंदांचा म्हातारा

"कार्टून नाही, ॲनिमेशन म्हणायचं," हे वाक्य सुमंतने आजवर किती जणांना ऐकवलं असेल याला गणती नाही. साताऱ्यातले नातेवाईक झाले, स्टाफरूम झाली, एकदा तर लोणंद स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलेला एक परका माणूसही त्याच्या तावडीत सापडला होता. बिचाऱ्याची गाडी पाऊण तास उशिरा होती.

सुमंत बेचाळीस वर्षांचा. पलूसजवळच्या एका गावातल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. बायको क्षमा साताऱ्यात औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती. त्यामुळे सोमवार ते शनिवार तो गावात खोली घेऊन राही आणि शनिवारी दुपारी एसटी धरी. तो ज्या सिनेमांवर जीव टाकायचा, त्यात माणसं फार बोलत नसत. एखादा गडी वीस मिनिटं सायकलची चेन बसवत बसे. क्षमाने असा एकच सिनेमा त्याच्यासोबत बघितला होता. "चेन बसली की उठवा मला," असं सांगून तिने उशी घेतली होती.

तर या सुमंतने दिवाळीत भर फराळात जाहीर केलं, "वर्षाच्या आत मी स्वतःची फिल्म करून दाखवतो. दहा मिनिटांची. मातीच्या बाहुल्याची."

"करा की," क्षमा म्हणाली. "पण इथे नको. माती तिकडे खोलीवर कालवा."

खोली नाथाजीअण्णांची होती. अण्णा म्हणजे गावातलं वजनदार प्रस्थ, सर्व अर्थांनी. पांढऱ्या झुबकेदार मिशा, पुढे आलेलं पोट, आणि उठायच्या आधी मिशांवरून हात फिरवायची सवय. सुमंतला रोज सकाळी खिडकीतून ते दिसत आणि त्याच्या मनात येई, नायक शोधत कशाला हिंडायचं, हा इथेच बाजेवर बसलाय.

गोष्टही सुचली. एका म्हाताऱ्याच्या हातून लिंबू पडतं, घरंगळत जातं, आणि म्हातारा त्याच्या मागे जातो. बस्स. त्यात सगळं आयुष्य आलं, असं सुमंतचं मत होतं.

त्याने तारेचा सांगाडा वाकवला, त्यावर माती चढवली. बाहुलं उभं राहावं म्हणून पायांतून टाचण्या खाली थर्माकोलमध्ये खोचल्या. मिशांसाठी न्हाव्याकडे पांढरे केस मागितले, तर न्हाव्याने नुकतेच कापलेले पुडीत बांधून दिले. लिंबू प्रत्येक फोटोत किती फिरलं ते कळावं म्हणून त्यावर कुंकवाचा ठिपका दिला. उजेड बदलू नये म्हणून खिडक्यांना आतून काळा कागद चिकटवला. यातली एकेक गोष्ट शास्त्राला धरून होती.

मग काम सुरू झालं. बाहुल्याचा हात केसभर हलवायचा, फोटो काढायचा. पुन्हा केसभर, पुन्हा फोटो. असे बारा फोटो काढले की पडद्यावर एक सेकंद होतो. शाळेच्या आधी दीड तास, शाळेनंतर दोन तास, असा त्याचा नेम बसला.

घरमालकीण मनुकाकींनी एकदा विचारलं, "मास्तर, खिडकीला काळा कागद कशापायी लावलाय?"

"उजेड बदलायला नको, काकी."

"आन् खोली झाडू देत न्हाई ते?"

"आत एक जण उभा आहे. त्याला धक्का लागायला नको."

सुमंतला हे उत्तर अगदी स्वच्छ वाटलं. काकी मात्र त्या दिवसापासून त्याच्या दारावरून जाताना पदर सावरून जाऊ लागल्या.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी औषध फवारायचा पंप पाठीवर घेताना अण्णांच्या कमरेत उसण भरली. गुरुवारी ते बाजेवरून उठले नाहीत. शनिवारी सुमंत साताऱ्याला गेला. रविवारी त्याच्या खोलीतला नळ चालूच असल्याचा आवाज आला, म्हणून काकींनी दुसरी किल्ली लावली.

सोमवारी सकाळी सुमंत कराडला गाडी बदलून गावात उतरला, तेव्हा अण्णांच्या अंगणात पंधरा-वीस माणसं जमली होती. मधोमध बाजेवर अण्णा. शेजारी खुर्चीवर पोलीस पाटील जोतीराम. आणि अंगणाच्या कडेला, पळून जाऊ नये म्हणून, कोंबड्यांच्या डालग्याखाली झाकून ठेवलेलं सुमंतचं बाहुलं.

चार महिने एकेक केस मोजून बसवलेली ती बैठक. तो ओरडला, "हलवलं का तुम्ही त्याला? कितीसं हलवलं?"

माणसं दोन पावलं मागे सरली.

"का मास्तर?" जोतीराम सावधपणे म्हणाला. "हलवल्यावर काय हुतंय?"

"काय होतंय? सगळं संपतं!"

बाजेवरून अण्णांचा हुंकार आला. मनुकाकींनी डोळ्याला पदर लावला.

"मास्तर, तुमाला आमी घरच्यावाणी ठेवलं," त्या म्हणाल्या. "सणासुदीला ताट दिलं. आन् तुमी ह्यांच्यावर करणी करताय?"

तेव्हा कुठे सुमंतच्या डोक्यात उजेड पडला. त्याने त्या बाहुल्याकडे गावाच्या नजरेने पाहिलं. टाचण्या. कुंकू लावलेलं लिंबू. काळा कागद. नोकरी, खोली, अब्रू, सगळं त्या डालग्याखाली होतं.

"ह्या मिशा कुणाच्या?" जोतीरामने विचारलं.

"न्हाव्याकडून आणल्या."

"न्हावी सांगतोय, ते केस अण्णांच्याच मिशांचं हायत. तुमी मागितलं त्याच दिवशी कापल्यालं."

सुमंतला हे ठाऊक नव्हतं. पण तोंड उघडण्याआधीच जोतीरामने खिशातून त्याची वही काढली आणि चष्मा लावून वाचायला घेतली. "बुधवार, म्हाताऱ्याची कंबर वाकवायला सुरुवात. गुरुवार, कंबर आणखी दोन मिलिमीटर. शुक्रवार, म्हातारा पडतो. उठत नाही." त्याने वही मिटली. "मास्तर, जादूटोण्याच्या कायद्यावर शाळेत भाषण तुमीच केलं न्हवं? पोरं अजून सांगत्यात, लय भारी झालतं."

"ते ॲनिमेशन आहे हो," सुमंत काकुळतीला येऊन म्हणाला.

"तुमच्यात तसं म्हनत असतील," मागून कुणीतरी म्हणालं. "आमच्यात करणी म्हनत्यात."

शेवटी सुमंतने हात जोडले. "मला पाच मिनिटं द्या. अण्णांच्या टीव्हीवर दाखवतो. नंतर हाकलायचं तर हाकला."

अण्णांना बाजेसकट आत नेलं. सुमंतने लॅपटॉप जोडला. पडदा काळा झाला, मग उजळला.

मातीचं अंगण दिसलं. बाजेवर एक लहानसा म्हातारा निजलेला. त्याने डोळे उघडले. हळूच उठून बसला. मिशांवरून एकदा उजवा, एकदा डावा हात फिरवला, कुणी बघत नाही ना म्हणून दाराकडे बघितलं, आणि लिंबाकडे हात नेला. तेवढ्यात संपलं.



"परत लावा," मनुकाकी म्हणाल्या.

सुमंतने परत लावलं. मग परत. सातव्या वेळेला काकींच्या चेहऱ्यावर हसू फुटलं.

"आवं, हे तुमीच की," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "असंच बगता दाराकडं. मला वाटायचं, मलाच ठावं हाय ते." जरा थांबून त्या सुमंतकडे वळल्या. "चाळीस वर्सं संसार केला, मास्तर, पर ह्यांच्याकडं इतकं निरखून मी बी कवा बघितलं न्हाई."

अण्णा अजून पडद्याकडेच बघत होते. "माझं पोट एवढं हाय व्हय रं?" त्यांनी जोतीरामला विचारलं. जोतीरामने छताकडे पाहिलं.

"म्होरं काय हुतंय?" कुणीतरी विचारलं.

"एवढंच झालंय. अकरा सेकंद," सुमंत म्हणाला.

"चार म्हयन्यांत?"

"हो."

आता जी हळहळ पसरली तिच्यात संशयाचा लवलेश नव्हता. इतकं सावकाश काम करणाऱ्या माणसाच्या हातून कुणाचं वाईट होणं शक्य नाही, याबद्दल गावाची खात्री पटली. जोतीरामने वही परत दिली. काकींनी चहा टाकला. सुमंतने संधी साधून अंधश्रद्धेवर दहा मिनिटं बोलून घेतलं. मातीला वेदना नसतात, योगायोग म्हणजे काय, कार्यकारणभाव कशाला म्हणतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांत जास्त अण्णांनी डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमंत बाहुल्याची बैठक पुन्हा जुळवत होता, तर दारावर टकटक झाली. काठी टेकत अण्णा उभे होते. त्यांनी मागे बघून घेतलं.

"मास्तर, तुमचं समदं पटलं बरं का. करणी-बिरणी काय नसतं."

"नसतंच, अण्णा."

"न्हाईच. पर त्याला जरा सरळ करता का? लय वाकून बसलाय."

सुमंत विज्ञानाचा पदवीधर, अठरा वर्षं शिक्षकी. पण अण्णांच्या चेहऱ्यावर दुखणं स्पष्ट दिसत होतं आणि तारेला लागणार होता एक बोटाचा दाब. त्याने बाहुल्याची कंबर ताठ केली.

गुरुवारी अण्णा मळ्यात गेले. उसण आठवडाभरात आपोआप जाते, हे सुमंतला माहीत होतं. अण्णांनाही त्याने ते सांगितलं. अण्णा "व्हय व्हय" म्हणाले आणि जाताना बाहुलं ताठ आहे ना, ते वाकून बघून गेले. त्यानंतर रोज सकाळी बघून जाऊ लागले. पटकथेत म्हातारा लिंबू उचलायला सतरा वेळा वाकत होता. सुमंतने एका रात्रीत सतराही जागा खोडल्या. आता म्हातारा लिंबाला पायाच्या अंगठ्याने ढकलत ढकलत गावभर फिरणार होता.

दहा मिनिटं काही झाली नाहीत. दीड वर्षात साडेतीन झाली. सांगलीतल्या एका लघुपट महोत्सवात ती फिल्म निवडली गेली. क्षमा साताऱ्याहून आली आणि अख्खी फिल्म तिने जागेपणी बघितली. मुंबईहून आलेले एक परीक्षक खेळ संपल्यावर माइक घेऊन उभे राहिले.

"लिंबू पायाशी येतं, तरी हा म्हातारा एकदाही वाकत नाही," ते भारावून म्हणाले. "सामान्य शेतकऱ्याच्या ताठ कण्याचं इतकं संयत रूपक मी गेल्या कित्येक वर्षांत पाहिलेलं नाही. हे तुम्हाला कसं सुचलं?"

सुमंतने पहिल्या रांगेकडे पाहिलं. नवा फेटा बांधून अण्णा मनुकाकींच्या शेजारी ताठ बसले होते आणि त्याच्याकडे बघून हळूच मान हलवत होते, नको म्हणून.

"बराच अभ्यास करावा लागला," सुमंत म्हणाला आणि खाली बसला.