चाकणचे पत्ते बदलणार

बुद्धभूषण गायसमुद्रेला आपल्या कामाचा अभिमान होता, पण त्याहून जास्त अभिमान होता आपल्या मराठीचा! आकुर्डीच्या हेड ऑफिसात नेटवर्क सांभाळणारे बाकीचे लोक नोटिसा इंग्रजीत काढायचे आणि चाकणच्या प्लांटमध्ये त्या कुणी वाचायचं नाही.

"अरे, माणसांना कळेल असं लिहा की!" बुद्धभूषण सगळ्यांना सुनावायचा. "स्वच्छ मराठीत लिहिलं तर गोंधळ होईलच कसा?"

या वेळचं काम त्याच्याच गळ्यात होतं. कंपनी गाड्यांचे आरसे बनवायची. तिची क्लाउडवर दोन जाळी होती, एक आकुर्डीच्या ऑफिसचं आणि एक चाकणच्या प्लांटचं, आणि दोघांना जोडणारा मधला रस्ता. जाळ्यात आलेल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता लागतो. चाकणला नवनवी यंत्रं येत गेली आणि लग्नघरातल्या गाद्या संपाव्यात तसे पत्ते संपले! म्हणून गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी, चाकणच्या जाळ्याला पत्त्यांची नवी रेंज, म्हणजे नवी मालिका, जोडायची. हजेरीचा सर्व्हर त्या नव्या पत्त्यावर हलवायचा. मग आकुर्डीच्या बाजूने 'सिंक'चं बटण दाबायचं, म्हणजे शेजाऱ्याकडे नवी घरं झालीत हे आकुर्डीला कळतं. झालं काम! पोहे खाता खाता उरकण्यासारखं!

बुधवारी दुपारी त्याने प्लांटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मजकूर टाकला : 'गुरुवारी चाकणचे पत्ते बदलणार आहेत. जुने पत्ते पुरत नाहीत. नवी रेंज मोठी आहे. कुणीही घाबरू नये.'

शेवटचं वाक्य त्याने निव्वळ मायेपोटी घातलं होतं. तिथेच घात झाला.

संध्याकाळी पहिला फोन आला तो गेटवरच्या सिक्युरिटीचे प्रमुख लक्ष्मणराव यांचा.

"साहेब, कँटीनमध्ये पत्ते खेळतात हे तुम्हाला आकुर्डीत बसून कसं कळलं हो?"

"कोण खेळतं पत्ते?"

"आता कुणीच नाही! होते नव्हते तेवढे कॅट मी जप्त केले. पण पोरं ऐकत नाहीत. म्हणतात, कंपनी नवे देणार आहे, ग्रुपवर आलंय!"

"लक्ष्मणराव, ते पत्ते नव्हेत हो! यंत्रांचे पत्ते!"

"यंत्रंसुद्धा खेळतात?"

बुद्धभूषणने फोन ठेवला. इतकं सोपं वाक्य, आणि त्याची ही गत!

गुरुवारी सकाळी रावेतच्या घरी तो लॅपटॉप उघडून बसला. त्याची बायको वर्षाली पोहे परतत होती. नवी रेंज जोडली, हजेरीचा सर्व्हर हलवला, सगळं लोण्यासारखं झालं. आता फक्त सिंकचं बटण! त्याने बोट पुढे केलं आणि फोन वाजला. ज्योतीरामभाऊ शेळके! प्लांटच्या युनियनचे पुढारी, मूळचे मावळातले, आवाज असा की फोन नसता तरी रावेतपर्यंत पोचला असता.

"साहेब, सरळ सांगा. कंपनी कुठं चालली?"

"कुठेच नाही भाऊ! जिथे आहे तिथेच आहे!"

"मग पत्ता कशाला बदलताय? सुप्याला नेताय व्हय? का परराज्यात?"

"अहो, हे पत्ते क्लाउडवर आहेत. क्लाउड म्हणजे... ढग!"

पलीकडे भाऊंनी कुणाला तरी 'ढगात!' असं ओरडून सांगितलं.

"म्हंजी जागा बी ठरली न्हाई अजून! समदं हवेतच!"

"तसं नाही भाऊ—"

"आन् नवी रेंज मोठी हाय म्हणता. आमाला रेंज घेऊन काय करायची? पोटाला काय मोबाईल बांधायचा?"

"ती रेंज वेगळी!"

"आन् कुणी घाबरू नये, हे कुणी लिवलं?"

"मी."

"मग! काय न्हाईच तर घाबरू नका असं कोन सांगतं? नवी मशिनं आली तवाच आमी वळखलं. पत्ता बदलायचा म्हंजी कुनाचा तरी पत्ता कट करायचा, व्हय का न्हाई? घरात लग्नाच्या पोरी हायेत माणसांच्या, साहेब!"

फोन कट! बुद्धभूषण रागाने लालेलाल झाला. "मी रात्रंदिवस राबायचं, आणि नोकऱ्या खाणारा राक्षसही मीच!" त्याने लॅपटॉप धाडकन मिटला.

"अहो, काम झालं का?" वर्षालीने पोह्यांची बशी पुढे ठेवत विचारलं.

"केव्हाच!" तो कडाडला आणि पोह्यांवर तुटून पडला.

शुक्रवारी सकाळी चाकणच्या गेटवर पहिल्या शिफ्टच्या पहिल्या माणसाने हजेरीच्या यंत्रावर अंगठा ठेवला. यंत्राने हजेरीच्या सर्व्हरमार्फत त्याची नावनिशी आकुर्डीकडे मागितली. आकुर्डीला सर्व्हरचा हा नवा पत्ता कुणी कळवलाच नव्हता. अनोळखी माणसाला पुणेकर जसा दारातूनच वाटेला लावतो, तसं आकुर्डीने उत्तरच दिलं नाही. यंत्रावर लाल अक्षरं उमटली : 'नोंद नाही.'

दुसरा अंगठा. 'नोंद नाही.' तिसरा. 'नोंद नाही!' अख्ख्या रांगेचा पत्ता कट!

"बगा!" ज्योतीरामभाऊंनी यंत्राकडे बोट दाखवलं. "म्या सांगत नव्हतो?"

तेवढ्यात प्लांटच्या प्रमुख विजयश्री मॅडम आल्या. "काय तमाशा लावलाय? यंत्र बिघडलं असेल. बाजूला व्हा!" म्हणत त्यांनी ऐटीत अंगठा ठेवला.

'नोंद नाही.'

मॅडमचा चेहरा उतरला. मग चढला! "मला न सांगता? सतरा वर्षं या कंपनीसाठी हाडं झिजवली मी!" आणि त्या तरातरा जाऊन ज्योतीरामभाऊंच्या शेजारी उभ्या राहिल्या. प्लांटच्या प्रमुखच घोषणा द्यायला लागल्यावर काय विचारता! तयार आरशांनी भरलेले ट्रक गेटच्या आत अडकले आणि माल मागणाऱ्यांचे फोन आकुर्डीला खणखणू लागले.

आकुर्डीहून बुद्धभूषणला गाडीत घालून पाठवण्यात आलं. वाटेतल्या ट्रॅफिकमध्ये तो ड्रायव्हरलाच भाषण देत होता. "माझं काम चोख आहे! मी स्वतः तपासलंय! या लोकांना मराठी कळत नाही, त्याला मी काय करू?"

गेटवर लक्ष्मणरावांनी हात आडवा केला. "अंगठा लावा, साहेब."

"अहो, मला ओळखता ना तुम्ही?"

"मी ओळखतो. यंत्राने ओळखायला नको?"

'नोंद नाही.'

"यांचा बी गेला!" गर्दीत कुणीतरी हळहळलं. एका बाईने त्याला पाण्याची बाटली दिली.

बाहेरच्या चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसून बुद्धभूषणने लॅपटॉप उघडला. चाकणची बाजू पाहिली, सगळं ठीक. मग आकुर्डीची बाजू उघडली. तिथे सिंकचं बटण कालपासून त्याची वाट पाहत बसलं होतं. त्याच्या कानशिलांतून वाफ निघाली. त्याने इकडेतिकडे पाहिलं. गर्दी त्याच्याकडेच बघत होती. त्याने हळूच बटण दाबलं.

"आता लावा अंगठा," तो शक्य तितक्या रुबाबात म्हणाला.

ज्योतीरामभाऊंनी लावला. 'स्वागत, ज्योतीराम शेळके!' हिरवी अक्षरं झळकली आणि गेटवर एकच जल्लोष उसळला.

भाऊ टपरीच्या बाकड्यावर चढले. "कामगारांनो! आपली एकी बघून कंपनीनं पत्ता बदलायचा निर्णय मागं घेतला हाय!"

"मागे कुठे घेतला?" बुद्धभूषण ओरडला. "पत्ते बदललेत! कालच बदललेत! माझं काम पूर्ण—"

विजयश्री मॅडमनी त्याचा दंड घट्ट धरला. त्यांचाही अंगठा नुकताच हिरवा झाला होता आणि दिलेल्या घोषणा आठवून त्या घामाघूम झाल्या होत्या. "गायसमुद्रे," त्या दातांतल्या दातांत म्हणाल्या, "निर्णय मागे घेतलाय. समजलं?"

ट्रक हलले, शिफ्ट आत गेली. ज्योतीरामभाऊ विजयाचे पेढे घेऊन बुद्धभूषणपाशी आले.

"घ्या साहेब. तुमच्यावर आमचा राग न्हाई. तुमी बी हुकमाचे ताबेदार."

एवढा अपमान त्याचा जन्मात झाला नव्हता! संताप अनावर झाला. त्या संतापातच त्याने पेढा तोंडात टाकला, आणि पेढा चांगला निघाला म्हणून आणखी एक उचलला.