ऑसिलेटर आणि पिठाचा डबा

पाच वाजता धाकटा भाऊ रेडिओवर बोलणार होता आणि थोरल्याच्या रिसीव्हरमधून नुसती शिट्टी येत होती. धाकटा सहा महिन्यांसाठी दूरच्या बेटावर, हवामान केंद्रात गेलेला. तिथे फोन लागत नाही. तिथल्या एका हौशी रेडिओवाल्याने त्याला आज बोलू द्यायचं कबूल केल्याचा निरोप बोटीवाल्याकडून आला, तेव्हापासून थोरल्याने घरीच रिसीव्हर जोडायला जेवणाचं टेबल बळकावलं होतं.

बाहेरून आलेल्या लहरीत घरी तयार केलेली लहर रिसीव्हरमधल्या मिक्सरमध्ये मिसळायची, तेव्हा कुठे आवाज निघतो. ही घरची लहर देतो तो लोकल ऑसिलेटर. नवराबायकोचं बिनसलं होतं ते त्याच्याच निवडीवरून.

"क्रिस्टलचा घ्या म्हणत होते मी," बायको म्हणाली. तीही थोरल्याच्याच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेली. "एका जागी ठाम राहतो."

"आणि धाकटा जरा सरकून बोलला, तर क्रिस्टल घेऊन बसू बोंबलत? माझा कॉईलवाला हवा तिथे फिरवता येतो."

"फिरवता कुठला, आपला आपणच फिरतोय! अगदी तुमच्या घराण्यावर गेलाय."

फिरणारच. कॉईल पत्र्याच्या डब्यात झाकून बसवली होती आणि तो डबा आईने सकाळी परत नेऊन त्यात पीठ भरलं होतं. आता उघड्या कॉईलजवळून कोणी नुसतं गेलं तरी आवाज पळायचा. पंखा बंद झाला, खिडकी बंद झाली.

"कोणी हलू नका!" थोरला ओरडला.

"मला कामं आहेत," आई म्हणाली. "यंत्रातून काय ऐकायचं? येईल तेव्हा बोलेल." पण टेबल ती तिसऱ्यांदा पुसत होती. फडकं कॉईलजवळ आलं आणि शिट्टी फुटून आवाज आला, "...घरचे ऐकताय का?"

आईने दचकून हात मागे घेतला. आवाज गायब!

"आई, हात! होता तिथेच ठेव!"

हात परत गेला. धाकटा परत आला.

"दादा, वहिनी, मी मजेत आहे. जाडही झालोय. आईला सांगा. ती काही तिथे नसणार, तिला दोन मिनिटं एका जागी राहवत नाही."

आईच्या नाकावर माशी बसली होती. हात अवघडला, तर तिने दुसऱ्या हाताने कोपर धरलं. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं, तेही तिने पुसलं नाही. "गाढव कुठला," ती ओठ न हलवता म्हणाली.

धाकटा पुढच्या रविवारचा वायदा करून गेला. थोरला आणि बायको टाळ्या पिटत नाचायला लागले. आई मात्र तशीच उभी.

"आई, झालं. काढ आता हात."

"काढते. आधी ते पीठ पातेल्यात ओता आणि डबा याला घाला," आई म्हणाली. "पुढच्या वेळी मला बसून ऐकायचंय."