बन्सी मास्तरांचा खालचा सूर

रस्त्यानं दोघं जण जोडीनं चालले की बन्सी मास्तर त्यांना अडवायचे. "एका पावलानं काय चालता बे? तू वर जा, ह्याला खाली उतरू दे." माणसं घाबरून खरंच बाजूला व्हायची. मग मीच दुकानातून ओरडायचो, "अहो जावा तुमी, ते गाण्याचं बोलतेत."

गेवराईच्या स्टँडसमोर माझं किराणा दुकान. मागच्या खोलीत मास्तर राहायचे. लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे. मिलिटरी बँडातून रिटायर झालेले एक साहेब बीडला होते, त्यांच्याकडं दर रविवारी एसटीनं जाऊन मास्तर दोन सुरांचं लिहिणं, म्हणजे एकाच गाण्यात दोघांना दोन चाली लिहायचं, शिकत होते.

मला सांगायचे, "आप्पा, दोघांच्या चाली येगळ्या. एक चढला की दुसऱ्यानं उतरायचं. भांडायचं न्हाई, पण मागं मागंबी फिरायचं न्हाई."

हे सगळं माझ्या दुकानाच्या पत्र्यावर खडूनं लिहायचे, एक ओळ वर, एक खाली. गिऱ्हाइकं विचारायची, "तेलाचा भाव वरचा का खालचा?"

शेवटी शिरूर कासारच्या एका वरातीत त्यांनी ते वाजवलं. मास्तर खाली, ट्रंपेटवाला वर. नवरदेवाच्या मामांनी वरातच थांबवली. दोघांना मांडवात बसवून चहा पाजला. "काय असंल ते आपसात मिटवा, पण लग्नात एकमेकाच्या इरुद्ध वाजवू नका." हातात हात द्यायला लावला. मास्तरांनी दिला. बँडमालकानं मात्र बजावलं, पुन्हा हे थेर चालणार न्हाईत.

मी हसून हसून बेजार. म्हणालो, "मास्तर, सोडा आता. कशापायी सवताचा जीव काढता?"

मास्तर पत्रा पुसत होते. "सदाला काढलं ना बँडातून."

सदा त्यांचा धाकटा भाऊ. तोही क्लॅरिनेटच वाजवायचा. बँडात कीबोर्ड आला आणि मालक म्हणाला, आता एक क्लॅरिनेट पुरे. सदा पुण्याला कंपनीत गेला.

"दोघं एकच तर वाजवता, म्हणला मालक. खरंच होतं ते. म्हणून म्हणलं, दुसऱ्याबिगर अडंल असं कायतरी लिहावं."

इतके दिवस हसलो त्याचं लई वाईट वाटलं.

सदा दिवाळीलाही आला नाही. मास्तर रोज संध्याकाळी पायरीवर बसून खालचा सूर वाजवायचे. शेवटाला दोघांनी एकाच सुरावर यायचं, असा नियम आहे म्हणे. तिथवर आले की क्लॅरिनेट मांडीवर ठेवायचे.

"पुरं करा की मास्तर," एखादं गिऱ्हाईक म्हणायचं.

"त्यो आल्यावर."

तेवढ्यात पुण्याची गाडी स्टँडात शिरायची. मास्तर मान वर करून बघायचे. आणि साखर जोखता जोखता, तागडी तशीच हातात धरून, उतरणाऱ्या माणसांत मीही सदाला शोधायचो.